डोळ्यांत तेल घालून

काटेसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकाच परक्या माणसावर विश्वास ठेवला, आणि तोही त्याची चांगली तीन वेळा परीक्षा घेतल्यावर. तो माणूस म्हणजे त्यांच्या गाडीचा मिस्त्री. बाकीचे सगळे, म्हणजे दूधवाला, चष्मेवाला, बँकेच्या खिडकीतली बाई, सख्खा मेव्हणा, हे त्यांच्या लेखी चौकशी चालू असलेले संशयित. मेव्हण्याची चौकशी तर लग्नापासून चालू होती.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत हिंडले, म्हणून बाजाराने हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा हल्ली त्याच नावाने दार ठोठावतो. आत शिसं कोरून पोकळ केलेलं वजन, पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक, तळ आतून ठोकून वर आणलेलं दुधाचं माप, असली लबाडी त्यांनी इतकी पाहिली होती की समोरचा माणूस गोड बोलायला लागला की त्यांचा हात आपोआप पारड्याखाली जायचा. नोकरीतून ते आठ वर्षांपूर्वी बाहेर पडले. हात अजून जातो.

एक मात्र मानलं पाहिजे, माणूस स्वतःही नियमाचा पक्का. रोज सकाळी फिरतीवर निघण्याआधी आपल्या पेटीतली पितळी वजनं ते ऑफिसातल्या मूळ वजनांशी ताडून घेत. नवा निरीक्षक आला की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट सांगत, आधी आपलं माप तपास, मग दुसऱ्याच्या दुकानात पाय ठेव. चौतीस वर्षांत त्यांनी एक दिवसही हे चुकवलं नाही.

मिस्त्रीची ओळख अशीच एका तपासणीत झाली. तेव्हा गॅरेजमध्ये पिंपातलं सुटं तेल लिटरच्या मापाने मिळायचं. काटेसाहेबांनी ते माप तपासलं तर त्यात वीस मिलिलिटर जास्त बसत होतं.

"मग गिऱ्हाइकाचा फायदाच की," कुणीतरी म्हणालं.

"जास्त देणारं माप हेही खोटंच माप," काटेसाहेब म्हणाले.

मिस्त्री तेव्हा तिशीचा होता. त्याने वाद घातला नाही, हात जोडले नाहीत आणि मुख्य म्हणजे चहा मागवला नाही. "बरोबर कसं करायचं ते सांगा," एवढंच म्हणाला. माप दुरुस्त झालं, काटेसाहेबांनी त्याच्या कडेच्या शिशाच्या टिकलीवर आपल्या नंबराचा शिक्का ठोकला. पुढच्या महिन्यात त्यांनी गुपचूप मेव्हण्याला तिथे तेल घ्यायला पाठवलं. घरी आणून मोजलं, बरोबर एक लिटर. मग शेजाऱ्याला पाठवलं. मग ऑफिसच्या शिपायाला. तिन्ही वेळा बरोबर. तेव्हा कुठे त्यांनी आपली नवी कोरी गाडी त्याच्या दारात उभी केली.

त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मिस्त्रीने काम केल्यावर काटेसाहेबांनी एकदाही बॉनेट उघडून पाहिलं नाही. किल्ली घ्यायची आणि निघायचं. मिस्त्रीचा हात लागला म्हणजे शिक्का बसला. आणि घराबाहेर ते फक्त एकाच माणसाला तू म्हणत, तो हाच. बाकी सगळ्या जगाला तुम्ही. ते तुम्ही काही आदराचं नव्हतं, पंचनाम्यातलं होतं.

तर असा हा माणूस घरी बसला. तपासायला तराजू नाहीत, मग शंका घरभर हिंडायला लागल्या. आणि गेल्या वर्षभरात तर त्यांनी ताळच सोडला होता. दिवाणखान्यातला दिवा म्हणे पिवळा आणि मंद पडतो, म्हणजे बल्बवाला नकली माल देतो. तीन बल्ब बदलले. वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात, म्हणून अक्षर फिकं येतं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर फुटतात, म्हणजे लोक बेकायदा दिवे लावून हिंडतात. गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडे उठतात, ते समोरच्या बंगल्यातला निवृत्त हेडमास्तर मुद्दाम काढतो. चष्मेवाल्याने काच बदलून देण्याऐवजी एका डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि म्हणाला, यांना एकदा डोळे दाखवा. काटेसाहेबांनी चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन म्हणाले, "दोघांचं साटंलोटं आहे."

त्यांच्या बायकोला गल्लीभर सगळे वहिनी म्हणतात. वहिनी ते ऐकून घेत. त्यांनी चिठ्ठी काढून फडताळातल्या डब्यात ठेवली.

वहिनींचंही काटेसाहेबांना अलीकडे नवल वाटायला लागलं होतं. ही बाई बावीस वर्षं गाडीत शेजारी बसून निमूटपणे लोकर विणत आली. पण गेल्या हिवाळ्यापासून विणकाम घरी आणि गाडीत नुसती टकळी. "तो सायकलवाला बघा, मागे केवढं ओझं लादलंय." "शाळा सुटली वाटतं, पोरं रस्त्यातच उभी आहेत." "हा सिग्नल किती वेळ लाल असतो, नाही?" काटेसाहेबांना आधी वाटलं, वय झालं की बडबड वाढते. मग वाटलं, काहीतरी लपवायचं असलं की माणूस असा भरभरून बोलतो. त्यांनी दोनदा आडून आडून विचारूनही पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "लपवायला काय आहे माझ्याकडे?" हे उत्तर त्यांना पटलं नाही, पण पुरावा नव्हता.

अशा दिवसांत एकदा मिस्त्री म्हणाला, "साहेब, यंदा तेल बदलू या."

"दर वर्षी बदलतोसच की."

"तसं नव्हे. तेलाची जात बदलू. सिंथेटिक घालू."

काटेसाहेबांनी कान टवकारले. खात्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावर भेसळीचं पथक बसायचं. सिंथेटिक दूध म्हणजे काय ते त्यांनी बाटलीत भरलेलं पाहिलं होतं, त्यात दूध सोडून सगळं होतं. तेव्हापासून हा शब्द त्यांच्या डोक्यात एकाच खणात जाऊन बसला होता.

"सिंथेटिक म्हणजे नकली," ते म्हणाले.

"नकली नव्हे, साहेब. कारखान्यात जास्त निगुतीने केलेलं. नावच तसं वाईट आहे त्याचं, काय करणार."

"बावीस वर्षं तूच सांगत आलास, या इंजिनाला साधं तेल बास."

"तेव्हा गाडी रोज चाळीस किलोमीटर पळत होती. आता तुम्ही वाचनालयात जाता, भाजी आणता, दवाखान्यात जाता. इंजिन तापायच्या आत घरी परत. थंड इंजिनात साधं तेल वर पोचायला वेळ लावतं, म्हणून तर सकाळी सुरू केली की वरून टकटक येते. हे तेल थंडीतही पातळ राहतं, पटकन चढतं."

"जुन्या गाडीत हे घातलं की ती चहूबाजूंनी गळते असं ऐकलंय."

"जिची रबरी सीलं आधीच गेलेली असतात तिची गळते. भोक मळाने बुजलेलं असतं, मळ धुतला की उघडं पडतं. म्हणून आधी सीलं बघू, वरचं पॅकिंग नवं टाकू, मगच तेल."

सगळं मुद्देसूद होतं. तेच खटकलं. प्रत्येक प्रश्नाला माणसाकडे तयार उत्तर आहे म्हणजे तो घरून पाठ करून आलाय, असा काटेसाहेबांचा चौतीस वर्षांचा अनुभव. त्यांनी नजर फिरवली, आणि भिंतीवर त्यांना एक नवं कोरं घड्याळ दिसलं. तबकडीवर सोनेरी तेलाचा थेंब, खाली तेलकंपनीचं नाव.

"घड्याळ छान आहे," काटेसाहेब म्हणाले.

"कंपनीवाला देऊन गेला. जुनं बंदच पडलं होतं."

काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. आता खरं सांगायचं तर घड्याळ हे काही फार मोठं प्रकरण नव्हे. तसली घड्याळं गॅरेजागॅरेजांतून टांगलेली असतात. पण मिस्त्रीने आजवर कुणाकडून कधी काही घेतल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ज्याने बावीस वर्षांत काही घेतलं नाही त्याने आता घेतलं, हा मुद्दा त्यांना घरी जाईपर्यंत सोडेना. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांचा शब्द मोडायचा. शेवटी ते हो म्हणाले.

काम पुढच्या गुरुवारी झालं. त्या दिवशी काटेसाहेब बावीस वर्षांत पहिल्यांदा स्टूल ओढून समोर बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. मिस्त्रीच्या ते लक्षात आलं. त्याने चार लिटरचा सीलबंद कॅन त्यांच्यासमोर फोडला, त्याच जुन्या शिक्क्याच्या मापाने मोजून साडेतीन लिटर तेल इंजिनात ओतलं आणि उरलेलं अर्धा लिटर त्यांच्या डिकीत ठेवलं.

"राहू द्या. लागलं तर असावं," तो म्हणाला.

गाडी सुरू केली. टकटक गेली होती. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. काटेसाहेबांना वाटलं, आवाज दाबलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनात तेल किती आहे ते बघायला एक लांब पातळ पट्टी असते. ती बाहेर ओढायची, पुसायची, पुन्हा आत घालायची आणि काढून बघायची. तिच्यावर दोन खुणा असतात. वरच्या खुणेपर्यंत तेल म्हणजे भरलेलं, खालच्या खुणेवर आलं म्हणजे घाला. काटेसाहेबांनी पट्टी जुन्या काळ्या पँटच्या तुकड्याने स्वच्छ पुसली, नियमाप्रमाणे पुन्हा बुडवली, काढली आणि डोळ्यांजवळ धरली. तेल खालच्या खुणेवर होतं.

काल समोर बसून साडेतीन लिटर मोजलं होतं. रात्रीतून गेलं कुठे? त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. फरशी कोरडी. मग डिकीतला कॅन काढला, झाकणभर तेल घातलं आणि पुन्हा पट्टी पाहिली. खालच्याच खुणेवर.

त्या दिवशी त्यांनी एक वही केली. वार, तारीख, पट्टी कुठवर, तेल किती घातलं, असे चार रकाने. रोज संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी तो उचलून उजेडात बघायचा. वहिनी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या की ते पट्टी हातात धरून उभे.

"वरपर्यंत ओलं आहे की," वहिनी एकदा म्हणाल्या.

"ती चमक आहे. लोखंड चमकतं. तुला यातलं काय कळतंय."

वहिनींनी कप कठड्यावर ठेवला, कपाचा कान त्यांच्या हाताशी येईल असा फिरवला आणि आत गेल्या.

रोज थोडं तेल घालावं आणि पट्टी आपली तिथल्या तिथे. आठव्या दिवशी मिस्त्रीने दिलेला कॅन रिकामा झाला. काटेसाहेबांनी दुसऱ्या वस्तीतल्या, ओळख नसलेल्या दुकानातून त्याच प्रकारचं एक लिटर आणलं. तेही नाहीसं व्हायला लागलं. कितीही ओता, भरत नाही असलं माप त्यांनी नोकरीत एकदाच पाहिलं होतं, त्याला खाली दुहेरी तळ होता. मग त्यांना शंका आली की मिस्त्रीने पट्टीच बदलली असेल. मग शंका आली की कॅन सीलबंद दिसत होता, पण सील तरी खरं होतं का? लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, गाडी नीट चालतेय ना? मग झालं तर." ते म्हणाले, "चोरही नीटच चालतो." लेक हसली. त्यांना हसू आलं नाही.

पंधराव्या दिवशी पुठ्ठ्यावर पहिला थेंब पडला. अठराव्या दिवशी पाच थेंब. विसाव्या दिवशी गाडी सुरू केल्यावर मागून निळसर धूर आला आणि जळक्या तेलाच्या वासाने समोरच्या हेडमास्तरांनी खिडकी लावून घेतली.

पुरावा हाती आला की काटेसाहेबांना आजवर नेहमी समाधान वाटायचं. या वेळी वाटलं नाही. ते पायरीवर बसले, मांडीवर पुठ्ठा घेऊन. त्यांना वाईट वाटत होतं, सरळ सरळ वाईट, नातेवाईक गेल्यावर वाटतं तसं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो माणसं खोटी ठरवली, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही, कारण त्या सगळ्यांच्या पलीकडे एक माप बरोबर होतं. ते एक असलं की बाकीच्यांना खोटं म्हणता येत होतं. आता तेही गेलं तर उरलं काय, आणि कुणाकडे जायचं? दुसरा मिस्त्री कुठलाही मिळाला असता. पण विश्वास टाकायला दुसरा माणूस शोधायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं, आणि हे त्यांना कळत होतं.

"उद्या मी जाऊन सोक्षमोक्ष लावणार," ते म्हणाले.

"मी येते," वहिनी म्हणाल्या.

"तू कशाला?"

"बरेच दिवस बाहेर पडले नाही."

आदल्याच दिवशी त्या वाचनालयात जाऊन आल्या होत्या. काटेसाहेबांनी तेही मनात नोंदवून ठेवलं.

सकाळी त्यांनी सगळे पुठ्ठे सुतळीने बांधले, वही काखेत घेतली आणि निघाले. वाटेत वहिनींची टकळी सुरूच. "आज धुकं नाही, बरं झालं." "बाई बाळाला घेऊन रस्ता ओलांडतेय बघा, टोपडं किती गोड आहे." काटेसाहेब दातओठ खात गाडी चालवत होते. वळणावर वहिनी जरा मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, केवढा ट्रक थांबलाय पुढे, विटाच विटा."

"दिसतोय मला," काटेसाहेब म्हणाले आणि ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन थांबली. विटा बॉनेटपासून हातभर अंतरावर होत्या.

गॅरेजमध्ये मिस्त्री एका गाडीखाली उताणा पडून काम करत होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते.

"मिस्त्री, तुम्ही जरा बाहेर या," काटेसाहेब म्हणाले.

पाय हलायचे थांबले. मिस्त्री सरकत बाहेर आला, उठून बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "तुम्ही," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. मग उभा राहून हात पुसायला लागला, ते पुसून झाले तरी पुसत होता. वहिनींसाठी त्याने स्टूल झटकून पुढे केलं.

काटेसाहेबांनी सुतळी सोडली, पुठ्ठे ओळीने जमिनीवर मांडले आणि वहीतला सगळा मजकूर वाचून दाखवला. वही तोंडाशी धरून, अडखळत, पण एकवीसच्या एकवीस दिवस.

"एकूण किती घातलंत?" त्याने शेवटी विचारलं.

"दीड लिटर. अर्धा लिटर तुमचं, एक बाहेरचं."

"आणि पट्टी?"

"पहिल्या दिवशी खालच्या खुणेवर. आज सकाळी खालच्या खुणेवर. माझं म्हणणं एवढंच, दीड लिटर तेल गेलं कुठे ते तुम्ही सांगा."

"शोधू की," मिस्त्री म्हणाला.

त्याने फळीवरून लिटरचं माप काढलं, पुसलं आणि काटेसाहेबांपुढे धरलं. "आधी हे तपासून घ्या. शिक्का तुमचाच आहे."

काटेसाहेबांनी माप हातात घेतलं. शिक्क्यावरचा आकडा त्यांना वाचता येईना, उजेड कमी होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. नंबर त्यांचाच होता, अंगठ्याला बरोबर लागला.

मिस्त्रीने इंजिनाखालचा बोल्ट सोडला आणि सगळं तेल स्वच्छ घमेल्यात निथळून घेतलं. निथळायला वेळ लागतो. तेवढा वेळ नव्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग त्याने घमेल्यातलं तेल एकेक माप भरून बादलीत ओतायला सुरुवात केली. काठोकाठ माप आधी काटेसाहेबांना दाखवायचा आणि मोठ्याने म्हणायचा.

"एक."

"दोन."

"तीन."

"आता अर्धं माप यायला हवं आणि संपायला हवं," मिस्त्री म्हणाला. पण माप पुन्हा काठोकाठ भरलं. "चार."

पाचवं माप दोन बोटं कमी भरलं. मिस्त्रीने ते तसंच हातात धरून जमिनीवरच्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं. "ही दोन बोटं इथे पडली आणि धुरातून गेली. बाकी जेवढं घातलंत तेवढं आतच होतं, साहेब."

काटेसाहेब बादलीकडे बघत राहिले.

"तेल जास्त झालं की आतला दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो. मग दाबाने जिकडून वाट मिळेल तिकडून बाहेर येतं. गळती त्याचीच, धूर त्याचाच. सील एकही गेलेलं नाही."

"मग पट्टी खोटी आहे," काटेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मिस्त्रीने बोल्ट लावला, साडेतीन मापं तेल परत इंजिनात घातलं, थोडं थांबला आणि पट्टी बुडवून काढली. "कुठवर आहे?"

काटेसाहेबांनी ती डोळ्यांजवळ धरली. "खालच्या खुणेवर."

मिस्त्रीने एका जुन्या फॉर्मची कोरी बाजू बॉनेटवर पसरली, पट्टी त्यावर आडवी ठेवली आणि उचलली. पांढऱ्या कागदावर ओला पट्टा उमटला, खालपासून थेट वरच्या खुणेच्या जागेपर्यंत. काटेसाहेबांना तो नीट दिसला नाही. त्यांनी बोट फिरवलं. जिथे त्यांना कोरडं दिसत होतं तिथे बोट ओलं झालं.

"तेल नवं आहे, पाण्यासारखं नितळ. ते पटकन दिसत नाही," मिस्त्री म्हणाला. "खालच्या खुणेशी तुम्हाला जे काळं दिसतं तो डाग आहे. बावीस वर्षांचा, पुसून जात नाही. आजवर तुम्ही कधी नवं तेल बघितलंच नाहीत ना, तुम्हाला कसं कळणार."

बघितलं नव्हतं, कारण बघायची गरज पडली नव्हती. काटेसाहेबांना हे समजलं आणि ते स्टुलाच्या शेजारच्या टायरवर बसले.

"एकवीस दिवस मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो," ते म्हणाले.

"तिथेच चुकलं, साहेब," मिस्त्री म्हणाला. "ते इंजिनात घालायचं होतं. आणि तेही मापात."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, मग थांबल्या. काटेसाहेब हसले नाहीत. त्यांना आपली पितळी वजनांची पेटी आठवत होती, निळ्या मखमलीची. चौतीस वर्षं दर सकाळी ती उघडून ताडून बघायची. बल्ब बदलले, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, हेडमास्तरांशी बोलणं टाकलं, या माणसाला तुम्ही म्हटलं, आणि आपलं माप काही तपासलं नाही. त्यांना आपली लाज वाटली. ती मिस्त्रीसमोर वाटली याचं त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

तू ऐकून मिस्त्रीने मान वर केली. "पट्टीचं कुठून माहीत असणार. पण वर्षभरात डावीकडचा पत्रा मी तीनदा सरळ केलाय. हेडमास्तर काही एवढे ताकदवान नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कुणी काही सांगितलं की तुम्ही त्याचीच तपासणी काढता," मिस्त्री म्हणाला. त्यात राग नव्हता, जे आहे ते सांगितलं.

काटेसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि ती हातात धरून थोडा वेळ बसून राहिले. मग मिस्त्रीपुढे केली. "आम्हाला घरी सोड."

ते स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच डावीकडच्या सीटवर बसले. वहिनी मागे बसल्या. मिस्त्रीने सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी रस्त्यावर काढली. इंजिनाची टकटक नव्हती, धूरही नव्हता. वळणावर विटांचा ट्रक अजून उभा होता. आता काटेसाहेबांनी मुद्दाम पुढे वाकून पाहिलं. त्यांना एक तांबूस पट्टा दिसला, तो ट्रक आहे हे त्यांना अगदी जवळ गेल्यावर कळलं. पुढच्या चौकात एक सायकलवाला आडवा आला. मिस्त्रीने गाडी थांबवली, त्याला जाऊ दिलं, आणि पुन्हा निघाला. शाळा सुटली होती. पोरं रस्त्यात होती, त्यांचा गलका ऐकू येत होता.

मागून एक शब्द आला नाही.

काटेसाहेबांनी दोन चौक वाट पाहिली. मग मान वळवून विचारलं, "आज तू गप्प कशी?"

वहिनी पिशवीतून लोकर आणि सुया काढून विणत बसल्या होत्या. त्यांनी टाका पुरा केला.

"आज मिस्त्री चालवतायत ना," त्या म्हणाल्या.

काटेसाहेब पुन्हा समोर बघायला लागले. घराची गल्ली आली, हेडमास्तर फाटकाशी उभे होते, मिस्त्रीने गाडी पायरीशी लावली.

"ती चिठ्ठी तू ठेवली असशील," काटेसाहेब म्हणाले. "चष्मेवाल्याने सांगितलंय त्याच डॉक्टरकडे जाऊ."